जांभळ्या लुगड्याचं दुसरं टोक

मंगळवारी, दिवेलागणीच्या आधी, आपण एका लुगड्याची घडी घातली. रोजचंच काम. तू ओट्याच्या बाजूला उभी राहिलीस, मी दाराशी. नऊ वार आपल्या खोलीत पुरतं मावत नाही, म्हणून मला नेहमी एक पाय उंबऱ्याबाहेर टाकावा लागतो, तसा टाकला. किनारीला किनार लावली, झटका दिला, आणि मग मी तुझ्याकडे चालत आलो, तू माझ्याकडे. मधे हात लागले. माझ्या हातातली टोकं तू घेतलीस, मी वाकून खालची दुमड उचलली आणि मागे सरलो. परत पुढे. चार खेपांत लुगड्याची उशीएवढी घडी झाली.

ते जांभळं लुगडं होतं. सात वर्षांत तू ते माझ्या हातात दिलं नव्हतंस. त्या दिवशी आपण होऊन टोक पुढे केलंस, मी धरलं.

घडी हातात घेऊन तू विचारलंस, "जोड दिसतो का हो?"

मी चष्मा लावला. दोन वेळा बघितलं. म्हटलं, "नाय दिसत."

"दिसतो," तू म्हणालीस. "तुम्हाला तर दिसायलाच पाहिजे."

घडी पेटीवर ठेवलीस आणि मेथी निवडायला बसलीस. तेव्हा बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं मी. उघडलेल्या तोंडाने विचारलं काय, तर भाकरीबरोबर काय हाय. तू म्हणालीस, मेथीच निवडतेय ना, दिसत नाय का.

बुधवारी दुपारी तू नव्हतीस.

मी चौथी शिकलेला माणूस. तुला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुला वाचता येत नव्हतं आणि तू लांब कुठे गेलीच नाहीस. आताही वाचता येणार नाही तुला. पण मंगल म्हणते, बाबा, बोलत नाही तर लिहून तरी काढा, पोट फुगेल. तुझी लेक तुझ्यासारखंच बोलते. म्हणून लिहितोय. जे बोलायचं होतं ते एकच आहे, पण त्याच्या आधीचं सांगितल्याशिवाय ते सांगता येत नाही. तूही गोष्ट सांगताना अशीच गंगेला वळसा घालून यायचीस आणि मी चिडायचो.

लोक तुला बोहारीण म्हणायचे. तुला त्याचं काही नव्हतं, मला होतं. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन तू पंचवटीतून निघायचीस, पूल ओलांडून जुन्या नाशकाच्या गल्ल्यांत जायचीस, आणि जुने कपडे घेऊन भांडी द्यायचीस. मी निंबाखाली कोळशाची इस्त्री फिरवायचो. तू आणायचीस ते मी धुवायचो, इस्त्री करायचो, आणि बुधवारच्या बाजारात नदीकाठी फडकं टाकून आपण ते विकायला बसायचो. पण चांगलं ते तू विकायचीच नाहीस. कुणाचा कोशा सदरा, कुणाचं इरकल, कुणाच्या आजोबाचा लांब कोट, काळी टोपी, जाळीची बंडी. म्हणायचीस, याला गिऱ्हाईक वेगळं आहे, ते अजून आलेलं नाही. मी म्हणायचो, येणारही नाही, पेट्या ठेवायला घर उरलं नाही, आता मी झाडावर झोपू का? तू म्हणायचीस, झोपा, इस्त्रीला जवळ पडेल.

आणि गिऱ्हाईक आलं की. कुंभमेळा होऊन गेला त्याच्या पुढच्या सालात घाटावर टीव्हीच्या मालिकेचं शूटिंग होतं. मुनीर नावाचा मुंबईचा ड्रेसवाला, म्हणजे नटांना कपडे पुरवणारा माणूस, बुधवारच्या बाजारात आपल्या फडक्यासमोर उकिडवा बसला. साठ वर्षांपूर्वीच्या माणसांचे कपडे त्याला हवे होते आणि त्याच्याकडे होते ते सगळे नवे, चहाच्या पाण्यात बुडवून जुने केलेले. तू त्यातला एक सदरा हुंगलास आणि म्हणालीस, "हा सदरा नाय, हा चहा हाय." मुनीर इतका हसला की खाली टेकलाच. मग घरी आला, पेट्या बघितल्या आणि कानाला हात लावला. म्हणाला, विकू नका मौशी, भाड्याने द्या. मला वाटलं डोक्यावर परिणाम झालाय याच्या. दुसऱ्याचे उतरलेले कपडे भाड्याने कोण घेतं? तू एवढंच विचारलंस, नेसून झाल्यावर धुऊन देणार का? तो म्हणाला, देणार. तू म्हणालीस, नका देऊ, तुमचा धोबी फाडेल, आमचे हे धुतील.

तेव्हापासून मी धुतोय.

मी चौथी शिकलेला म्हणून प्रत्येक कपड्याला चिठ्ठी लावायचो, नंबर घालायचो. पहिल्या धुण्यात चिठ्ठ्या गेल्या. तू हसलीस आणि तुझी रीत काढलीस. आतल्या कोपऱ्यात, नेसल्यावर दिसणार नाही अशा जागी, दोऱ्याचा एक टाका. लाल दोरा म्हणजे लग्नाच्या शूटिंगला चालेल. पांढरा म्हणजे ज्या घरातून आलं तिथे माणूस गेलेलं, ते लग्नाला द्यायचं नाही. आणि काळा दोरा म्हणजे कुणालाच द्यायचं नाही, भाड्यानेसुद्धा नाही. ही रीत तुला माहीत होती आणि मला. तिसऱ्या माणसाला नाही. मंगलला पण नाही, तिला वाटायचं आई टाके मोजते.

पांढऱ्या दोऱ्यावरून आपण किती भांडलो. एकदा लग्नाच्या गर्दीला साठ लुगडी पाहिजे होती आणि तू पांढऱ्या दोऱ्याची बाजूला काढत बसलीस. मी म्हटलं, खोटं लग्न, खोटा नवरा, खोटी नवरी, टीव्हीत कुणाला कळतंय कुठलं लुगडं कुठल्या घरातलं. तू म्हणालीस, नेसणारीच्या अंगाला कळतं. मी म्हटलं, अंगाला काय कान असतात? तू म्हणालीस, तुमच्या अंगाला नसतील. ते भांडण तसंच राहिलं. तुझी रोजची चार लुगडी दोरीवर आहेत. आता त्यांनाच पांढरा दोरा घालायला पाहिजे. सुई घेऊन बसलो परवा, ओवता आली नाही. घे, जिंकलीस तू.

बरं, तुझं ते घाटावरचं आठवलं की अजून हसू येतं. हिरॉईन पाण्यात उतरायची होती आणि तिचा काष्टा कुणी मुंबईच्या पोरीने घातलेला. तू पायऱ्यांवर बघत बसली होतीस. कॅमेरा चालू असताना सरळ मधून चालत गेलीस. मोठा साहेब ओरडला, सगळे ओरडले. तू त्याला म्हणालीस, ओरडू नका, ही बाई अशी पाण्यात उतरली तर लुगडं तपोवनापर्यंत वाहत जाईल, मग बसा शोधत. चार बायांनी चादर धरली, तू आत जाऊन तिला नेसवलंस आणि बाहेर येऊन हात झटकलेस, जशी काय मळा खुरपून आलीस. त्या दिवसापासून नाशकात शूटिंग असलं की नेसवायला तुला बोलावणं यायचं.

टीव्ही घेतल्यावर तुझ्याबरोबर बघणं म्हणजे शिक्षा. गोष्ट काय चाललीय तुला पत्ता नसायचा. सासू विष कालवतेय, सगळं घर श्वास धरून बसलंय, आणि तू म्हणणार, हे बघा, भद्रकालीकडच्या मास्तरणीचं लुगडं, किनार नीट राहिली. तुला सासू ओळखू यायची नाही, सासूचं लुगडं यायचं. आता मी टीव्ही लावतो आणि मलाही गोष्ट कळत नाही. किनारी बघत बसतो.

आता त्या लुगड्याचं.

सराफ बाजारामागच्या गल्लीत एक आक्का राहायच्या. नवरा गेला त्या वर्षी त्यांनी ते जांभळं लुगडं तुला दिलं. येवल्याचं, हातमागाचं, पदरावर मोर. आमच्यात असं भडक आता मला चालत नाही, घरात ठेवलं तर रोज डोळ्यापुढे येतं, म्हणाल्या. बदल्यात एक कडीचा स्टीलचा डबा घेतला. आणि डबा घेतल्यावर म्हणाल्या, सुगंधा, विकू नको. माझी पोर लग्नाची झाली की मी हा डबा परत आणीन आणि लुगडं घेऊन जाईन. तू हो म्हणालीस.

मी म्हटलं, डबा दिला, लुगडं आलं, विषय संपला. बोहारणीच्या धंद्यात परत न्यायची रीत कुठे आहे? तू म्हणालीस, धंद्यात नाय, माझ्यात हाय. आणि काळा दोरा घातलास. आपल्या सगळ्या घरात काळ्या दोऱ्याचं तेवढं एकच. दर उन्हाळ्यात ते सावलीत पसरायचीस, कडुनिंबाचा पाला घालून परत ठेवायचीस. मधे त्या गल्लीतली घरं पाडून मोठी बिल्डिंग झाली, आक्का कुठे गेल्या कुणाला माहीत नाही, तरी तू पाटी घेऊन त्या गल्लीतून जायचीसच. मला त्या लुगड्याचा राग यायला लागला होता. हे मी कधी सांगितलं नाही. देवाला नैवेद्य दाखवावा तसं तू त्याला वारं दाखवायचीस आणि मला म्हणायचीस, तुमच्या भाकरीचं बघा हो आज तुम्हीच.

मंगलचं दुसरं बाळंतपण सासरीच झालं म्हणून तू मालेगावला गेलीस. सव्वा महिना. त्यात मुनीर आला. सिनेमाचं काम होतं, नवरी मुलगी, पैठणी पाहिजे होती. मी सगळ्या दाखवल्या. त्याला एकही पसंत पडेना. मग मीच ती पेटी उघडली. त्याने पदर हातात घेतला आणि गप्पच झाला. त्या गप्प होण्यात मला काय वाटलं सांगू? वाटलं, हे आपल्याकडे आहे. मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी घेऊन जा.

आणि तो गेल्यावर दाढीच्या ब्लेडने काळा दोरा काढून टाकला.

आठ दिवसांनी समोरच्या किराणा दुकानात फोन आला. मुनीर म्हणाला, "काका, हिरॉईनला नऊवार सांभाळत नाय. सहावारी नेसवायला सांगतात. तीन वार कापावं लागेल, त्याचा नवऱ्याला शेला करतील. सगळे थांबलेत. कापू का?"

दुकानात गिऱ्हाईकं होती. दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत होता. तुझं तोंडही डोळ्यापुढे आलं, खोटं कशाला सांगू. तरी मी म्हटलं, "काप."

तू परत आलीस ती बाळाचे कपडे ठेवायच्या आधी पेटी उघडलीस. लुगडं दोन तुकड्यांत, छान इस्त्री केलेलं. मी दोन गोष्टी खोट्या सांगितल्या. एक, ते चुकून गठ्ठ्यात गेलं. दोन, मुनीरने मला न विचारता कापलं. आतला कोपरा शोधलास, जिथे काळा दोरा होता तिथे अंगठा ठेवलास आणि बराच वेळ तशीच बसून राहिलीस. मला वाटलं तुला आक्कांची आठवण आली.

पुढच्या महिन्यात मुनीर आला तेव्हा तू त्याला दारातच थांबवलंस. म्हणालीस, "माणसाला विचारायची रीत असते. परत या दारात येऊ नको." त्याने माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलला असता तर मी तिथेच मेलो असतो. तो बोलला नाही. मी पण नाही. त्याने चपला घातल्या, सलाम मौशी म्हणाला आणि गेला. ज्याने आपलं घर उभं केलं त्याला मी असा जाऊ दिला. मी माझ्या हातातली इस्त्री खाली ठेवली नाही.

नंतर दोन महिने तू माझ्याशी कामापुरतं बोलायचीस. कामापुरतं म्हणजे, पाणी आलंय. आणि घडीला बोलवायची नाहीस. लुगड्याचं एक टोक दाराच्या कडीत अडकवायचीस आणि एकटी घडी घालायचीस. मी समोर बसलेलो असायचो, हात रिकामे. माझ्यापेक्षा तुला कडी चालत होती. मग एक दिवस साध्या सुती लुगड्याचं टोक माझ्यापुढे धरलंस. मी उठलो. तेवढंच आपलं मिटणं. पण जांभळं तू कडीशीच घडी घालत राहिलीस, मग ते दोन तुकडे होते तरी.

मालेगावला मंगलच्या घराशेजारी एक म्हातारा रफूवाला होता. त्याच्याकडे तू रफू शिकलीस. या वयात. मंगलकडे जायचं तर मी म्हणायचो नातवंडांसाठी जाते. तू त्या म्हाताऱ्याच्या पायाशी बसायला जायचीस. त्याच लुगड्याच्या किनारीतून एकेक धागा ओढायचा आणि त्याच धाग्याने जोडायचं, म्हणजे रंग चुकत नाही. रोज दुपारी दोन बोटं काम. डोळ्यांत पाणी यायचं तुझ्या, तू म्हणायचीस मोतीबिंदू. माझ्या एका शब्दाला किती वर्षं टाका घालत होतीस तू. ते मी रोज बघत होतो, तुला चहा करून देत होतो आणि सांगत नव्हतो. चहा चांगला करायचो, एवढंच.

तर बुधवारी. सकाळी तू म्हणालीस अंगात कसंतरी होतंय. मी म्हटलं, पित्त असेल. रिक्षा आणली तोपर्यंत तू पेटीला टेकून बसली होतीस, डोळे उघडे. दवाखान्यातून लगेच परत आणलं. मंगल मालेगावहून यायची होती. गल्लीतल्या बायका जमल्या, शेजारची शकू पुढे. सवाष्ण गेली, भाग्याची म्हणाल्या. त्यांना भाग्याचं वाटलं, मला काय वाटलं कुणी विचारलं नाही. शकू म्हणाली, आबा, मावशींचं चांगलं लुगडं काढा.

मी सगळ्या पेट्या उघडल्या. घरभर लुगडी. त्यात तुझं एकही नव्हतं, सुगंधा. तुझी चार रोजची, विटलेली, आणि बाकी सगळी दुसऱ्यांची. मग मला तुझ्या लग्नातलं इरकल आठवलं. ते तू लाल दोरा घालून भाड्याच्या गठ्ठ्यात टाकलं होतंस, पेटीत कुजण्यापेक्षा चार लग्नं बघेल म्हणून. लाल दोऱ्याची अकरा इरकलं निघाली. मी ती जमिनीवर मांडली आणि बघत बसलो. मला ओळखता आलं नाही. तू दुसऱ्यांच्या सासवांची लुगडी टीव्हीत ओळखायचीस आणि मला माझ्या बायकोचं लग्नातलं ओळखता आलं नाही.

तेवढ्यात शकूने पेटीवरची घडी उचलली. जांभळी. म्हणाली, हे काय, हेच की, काल नीट घडी करून ठेवलंय बिचारीने, तिला कळलंच होतं जणू. बायका हो हो म्हणाल्या. एकीने ते उलगडायला घेतलं.

मी म्हटलं, "त्याला हात लावू नका. ते आमचं नाय."

त्यांनी हात काढले. म्हातारा मेलेल्या बायकोला लुगडं देईना, असं त्यांना वाटलं, बाहेर जाऊन बोलल्यापण. बोलू दे. पण तू दोरा घातला होतास, मी काढला होता, तो त्या वेळी मला मानायचा होता. खूप उशिरा मानला. मंगल आली तशी मेन रोडला जाऊन हिरवं नवं लुगडं घेऊन आली. तू आयुष्यभर म्हणालीस, नव्या कापडाला वास नसतो, नुसता दुकानाचा वास असतो. दुकानाच्या वासात गेलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल अजून उठली नव्हती. मी चहा ठेवला आणि सवयीने दोन कप काढले. एक परत ठेवला. मग जांभळं लुगडं घेऊन अंगणात गेलो आणि दोरीवर टाकलं. तू म्हणाली होतीस ना, तुम्हाला तर दिसायलाच पाहिजे. मला बघायचंच होतं. ऊन कोवळं होतं. वरून हात फिरवला, चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं. किनारीवरचा एक धागा इकडचा तिकडे नाही. काय काम केलंस गं.

मग वाऱ्याने पलटलं.

उलट्या बाजूला, या किनारीपासून त्या किनारीपर्यंत, काळा दोरा. फक्त मागचा धागा उचलून घातलेला, वरून दिसणार नाही असा. बारीक, सरळ, एका रेघेत. तो जोडाला नको होता, जोड त्याच्याशिवाय पक्का होता. मी एक टाका काढला होता, तू रेघच घातलीस.

तेव्हा मला कळलं की तू कोपऱ्यावर अंगठा ठेवून बसली होतीस ते कशासाठी. चुकून गठ्ठ्यात गेलेल्या लुगड्याचा काळा दोरा कुणी कशाला काढेल? मुनीरला त्या दोऱ्याचा अर्थ माहीत नव्हता. अर्थ माहीत असलेली दोनच माणसं, त्यातलं एक मालेगावला होतं. तुला त्याच दिवशी कळलं होतं, निदान अर्धं. उरलेलं कधी कळलं ते मला माहीत नाही. सात वर्षं तू वाट बघत होतीस की मी बोलतो का. आणि मंगळवारी टोक हातात देऊन शेवटचं विचारलंस.

मी चपला घातल्या. मुनीरचा नंबर भिंतीवर पेन्सिलने लिहिलेला आहे. दर दिवाळीला चुना मारताना तू तेवढी जागा सोडायचीस, ते मी बघायचो आणि वाटायचं आळस करतेस. आता ती पाटीएवढी मळकी जागा बघून समजलं, आळस कुणाचा होता. आकडे हातावर लिहून घेतले आणि कोपऱ्यावरच्या फोनवाल्याकडे गेलो. तो म्हणाला आजोबा, हा जुना नंबर, मुंबईच्या नंबरांना पुढे दोन लावावा लागतो आता. लावला.

मुनीरनेच उचलला. मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, "मुनीर, काप मी म्हटलं होतं. तू विचारलं होतंस, मी काप म्हटलं."

तो म्हणाला, "काका, हे मला काय सांगताय? मला तर माहीतच हाय. मौशीला सांगा."

म्हटलं, "मौशी काल गेली."

तो म्हणाला, येतो. मग म्हणाला, पण मौशीने दारात यायला मना केलंय. मी म्हटलं, ये तू, ते तुला नव्हतं. आणि फोन ठेवला. बरोबर आहे त्याचं. सगळ्या दुनियेत ज्या एका माणसाला हे आधीच ठाऊक होतं, त्यालाच मी सांगितलं. जिला सांगायचं होतं, तिला नाही.

म्हणून तुला सांगतोय. मी दोरा काढला. मी काप म्हटलं. मुनीरचा दोष नव्हता. झालं.

घरी आलो तोवर लुगड्यावर ऊन चढलं होतं. तू जांभळ्याला कडक ऊन दाखवायची नाहीस. मी ते आत आणलं. मंगल ओट्याशी डोळे चोळत उभी होती, म्हणाली बाबा द्या, मी धरते. मी नको म्हटलं. तिला ही रीत शिकवायची तर दोऱ्याचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि त्या सकाळी ते एकदाच जमलं होतं.

दाराच्या कडीत दोन्ही टोकं अडकवली, तू अडकवायचीस तशी. ओट्यापर्यंत मागे गेलो. किनारीला किनार लावली. झटका दिला. आणि पुढे चालायला लागलो.

निम्म्यात थांबलो, हात पुढे करून, सवयीने. कडी पुढे येत नाही, सुगंधा. उरलेलं पण मीच चाललो.